अनोळखी पडक्या बांधकामाभोवती मेटल डिटेक्टर कसा चालवावा

रानात एक चौथरा दिसतो. दोन भिंती कमरेएवढ्या उभ्या, बाकी दगडांचा ढीग आणि मधोमध उगवलेलं झाड. कुणी बांधलं, कधी बांधलं, घर होतं की चौकी की नुसतं कोठार, असं विचारलं तर जो तो वेगळं सांगतो. अशा जागी डिटेक्टर घेऊन जाणारे बहुतेक जण पहिली चूक यंत्र सुरू करतानाच करतात. खिळ्यांची कटकट ऐकू येऊ नये म्हणून लोखंड गाळायची सोय, म्हणजे डिस्क्रिमिनेशन, चालू करतात. मोकळ्या शेतात नाणी शोधताना ते चालतं. अनोळखी बांधकामापाशी मात्र लोखंड हाच मुख्य पुरावा असतो. छप्पर कुठवर होतं, दार कोणत्या बाजूला होतं, इमारत साधारण कोणत्या काळात उभी होती, हे खिळे सांगतात. एकटंदुकटं नाणं फार तर कुणीतरी इथून गेलं होतं एवढंच सांगतं.

म्हणून इथे सांगितलेली पद्धत इमारत ओळखण्यासाठी आहे. वस्तू हातात येतील, पण त्या कुठून निघाल्या याची नोंद नसेल तर त्यांचं अर्धं मोल गेलं असं समजा.

परवानगी, कायदा आणि कुठे थांबायचं

बांधकाम कुणाचं ते ठाऊक नाही, म्हणजे ते बेवारस आहे असं नाही. जमिनीला मालक असतोच, मग ती खासगी असो, वनखात्याची असो किंवा सरकारची. जमिनीच्या नोंदी पाहून मालक शोधा आणि परवानगी लेखी घ्या. त्या कागदात तीन गोष्टी स्पष्ट असू द्या: जास्तीत जास्त किती खोल खणणार, सापडलेली वस्तू कुणाची, आणि खड्डे कोण बुजवणार. पुढे होणारे बहुतेक वाद या तीन गोष्टींवरूनच होतात.

कायदा देशागणिक पार वेगळा आहे. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधण्यासाठी परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये 1996 च्या कायद्यानुसार ‘खजिना’ या व्याख्येत बसणारी वस्तू सापडल्यास 14 दिवसांत कळवावं लागतं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या 100 वर्षांहून जुन्या पुरावस्तूंना 1979 च्या कायद्याचं संरक्षण आहे. भारतात 1878 चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकांचा कायदा त्याहून वेगळा आणि कडक. आपण ज्या जमिनीवर उभे राहणार आहोत तिथला नियम आधी वाचून घ्या, मगच यंत्राची बॅटरी चार्ज करा.

याशिवाय स्वतःला एक नियम घालून घ्या. खणायचं ते फक्त वरच्या ढवळलेल्या मातीत. नांगरट होणाऱ्या जमिनीत ही माती साधारण 20 ते 25 सेंटिमीटर असते, पडीक जागी 10 ते 15. खुरप्याखाली चुन्याची जमीन, फरसबंदी, राखेचा सलग थर किंवा दगडांची रचलेली ओळ लागली की तिथेच थांबायचं. तो थर जसाच्या तसा असेल तर त्याचं वाचन पुरातत्त्वाच्या माणसांनी करायचं. तुमचा एक खड्डा ते वाचन कायमचं बिघडवतो. आणि साऱ्या जागेत यंत्रानं बनवलेली एकही वस्तू मिळत नसेल, जिकडेतिकडे खापरंच खापरं असतील, तर डिटेक्टर बंद करा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

पहिला दिवस यंत्राशिवाय

सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उन्हात जमिनीतले हलके उंचवटे आपली सावली टाकतात आणि दुपारी अजिबात न दिसलेला पाया दिसू लागतो. जुने नकाशे, उपग्रहाची मागच्या वर्षांची चित्रं आणि उपलब्ध असेल तर लायडारचा (विमानातून लेसरनं मोजलेल्या चढउतारांचा) नकाशा घरीच पाहून ठेवा. कोरड्या दिवसांत पुरलेल्या भिंतीवरचं गवत आधी वाळतं, बुजलेल्या चराच्या किंवा खड्ड्याच्या जागी ते जास्त दिवस हिरवं राहतं.

मग बांधकामाचं साहित्य बघा, कारण त्यावरून काळाची एक बाजू लगेच बांधता येते. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट 1824 चं. पन्हाळी लोखंडी पत्रा 1829 नंतरचा, जस्ताचा मुलामा 1837 नंतरचा. सळई घातलेलं काँक्रीट 1867 च्या पेटंटनंतर हळूहळू पसरलं. ॲल्युमिनियम स्वस्तात काढायची रीत 1886 मध्ये सापडली, त्यामुळे रोजच्या वापरातली ॲल्युमिनियमची भांडी त्याच्या आधीची नसतात. या साली ‘याच्या आधी नाही’ एवढंच सांगतात. दुर्गम भागात नवं साहित्य पन्नास वर्षं उशिरा पोचलेलं असू शकतं, आणि जुन्या भिंतीला कुणी नंतर सिमेंट लावलेलंही असू शकतं. म्हणून सिमेंट दिसलं तर ते पायाच्या बांधकामात आहे की फक्त दरजांत, हे वाकून बघा.

इमारतीभोवती चार जागा मनात टिपून ठेवा. पहिली पागोळ्यांची रेष, म्हणजे छपराच्या कडेवरून पावसाचं पाणी पडायचं ती जागा. इथे छपराचे खिळे, वायसर, शिशाच्या पट्ट्यांचे तुकडे साठतात. दुसरी उंबरा आणि पायऱ्या. तिसरी उकिरडा, तो बहुधा मागच्या दारापासून उताराच्या बाजूला, हात फेकेल तेवढ्या अंतरावर असतो. चौथी पाण्याची वाट, म्हणजे विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाणारी पायवाट. माणसांच्या हातून वस्तू पडतात त्या ये-जा करण्याच्या आणि बसण्याच्या जागी. खोलीच्या मधोमध फारशा मिळत नाहीत, कारण तिथे झाडलोट होत असे.

जिवाला जपा

उभ्या भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतराच्या आत गुडघे टेकून खणू नका. भिंतीच्या पायाशी खणलेला एक फुटाचा खड्डासुद्धा कोरड्या दगडी भिंतीला पुरेसा होतो. आत उकरलेला ढीग, कुजलेल्या फळ्या, दगडी झाकण किंवा गोल खळगा दिसला की खाली विहीर किंवा शोषखड्डा आहे असं धरूनच चाला आणि पुढे काठीनं चाचपा. बंद तळघरात किंवा विहिरीत उतरू नका. तिथे श्वास घेण्याजोगी हवा नसू शकते. करड्या सिमेंटच्या पन्हाळी पत्र्यांत ॲसबेस्टॉस असू शकतं, ते मोडू नका, त्यावर यंत्र घासू नका. वटवाघळांची विष्ठा साठलेल्या खोलीत धूळ उडवू नका. जाड हातमोजे आणि जाड तळाचे बूट घाला. धनुर्वाताची लस दहा वर्षांच्या आतली असावी. दगड उचलताना तो आपल्यापासून दूरच्या कडेनं उचला, म्हणजे खाली साप-विंचू असला तर तुमच्या आणि त्याच्या मध्ये दगड राहतो.

एका गोष्टीवर जरा थांबायला हवं. लष्करी वापराची शंका असलेल्या जागी तोफगोळा हा डिटेक्टरमध्ये अगदी ‘चांगला’ वाजू शकतो, कारण त्याच्या लोखंडी अंगावर तांब्याचं कडं असतं. मोठ्या, जड लोखंडाच्या गुरगुराटात मध्येच स्वच्छ उंच टोन आला तर हावरेपणानं खणू नका. मातीतून गोलाकार टोक, शेपटीची पाती किंवा तांब्याचं कडं दिसलं की हात लावायचा नाही, माती परत ढकलायची नाही. काठी रोवून खूण करा, आल्या पावली मागे फिरा, दूर गेल्यावरच पोलिसांना फोन करा. गंजून चाळणी झालेला गोळासुद्धा जिवंत असू शकतो.

सिग्नल एका रेषेत, मीटरच्या मीटर सलग चालत राहिला तर ती वीजवाहिनी किंवा नळ आहे. तिथे खणायचंच नाही.

यंत्र, कॉइल आणि सेटिंग

या कामाला व्हीएलएफ जातीचं, म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर सतत चालणारं, किंवा एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र लागतं. पल्स इंडक्शनचं, म्हणजे विजेचे तुटक ठोके सोडणारं यंत्र खोल जातं, पण लोखंड आणि तांबं यांतला फरक नीट सांगत नाही. खिळ्यांच्या जागी ते तुम्हाला दिवसभर खणायला लावेल. एकच फ्रिक्वेन्सी असेल तर 12 ते 15 किलोहर्ट्झ मधला मार्ग ठरतो. 20 च्या वर बारीक आणि कमी वाहक वस्तू चांगल्या ऐकू येतात, 5-7 च्या आसपास मोठ्या आणि चांगल्या वाहक वस्तू.

कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची जमिनीवरून फिरवायची तबकडी, लहान घ्या. यंत्रासोबत आलेली 11 इंची कॉइल मोकळ्या जमिनीसाठी ठीक. पडझडीच्या जागी तिच्याखाली एकाच वेळी चार-पाच खिळे येतात आणि त्यांच्या आवाजाखाली शेजारचं बटण दबून जातं. 5 किंवा 6 इंची डबल-डी कॉइल (आत D आकाराची दोन वेटोळी असलेली) दोन खिळ्यांच्या मधल्या जागेत शिरते. खोली थोडी कमी होते, पण पडीक जागी आपण तसेही 15 सेंटिमीटरच्या खाली जाणार नाही.

ग्राउंड बॅलन्स करताना, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज यंत्राला गाळायला लावताना, आधी लोखंड नसलेली जागा शोधा. इमारतीला लागून ती मिळत नाही, म्हणून दहा-पंधरा पावलं बाहेर जा. कॉइल जमिनीपासून 2-3 सेंमीवरून 15-20 सेंमीवर, पुन्हा खाली, अशी आठ-दहा वेळा हलवा. आवाज सपाट झाला की झालं. आता खरी अडचण: भाजलेली माती आणि विटा या साध्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय असतात. चूल, भट्टी, जळालेल्या खोलीची जागा किंवा विटांचा चुरा आला की तोच बॅलन्स बिघडतो आणि यंत्र बडबडायला लागतं. यंत्र खराब झालं असं समजून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची तीक्ष्णता, खाली खेचू नका. तिथे नव्यानं बॅलन्स करा आणि वहीत लिहा, की इथे जमीन भाजलेली आहे. हा बिघाड म्हणजेच एक शोध आहे.

सेन्सिटिव्हिटी 70 टक्क्यांपासून सुरू करा. कॉइल हवेत स्थिर धरूनही यंत्र टिकटिकत असेल तर वर विजेच्या तारा किंवा जवळ टॉवर आहे. आधी फ्रिक्वेन्सी बदला, मग सेन्सिटिव्हिटी थोडी कमी करा. रिकव्हरी स्पीड, म्हणजे एका सिग्नलनंतर यंत्र पुढच्यासाठी सावरण्याचा वेग, वाढवता येत असेल तर वाढवा, म्हणजे लागून असलेले दोन सिग्नल वेगळे ऐकू येतील. डिस्क्रिमिनेशन शून्य. लोखंडाचा आवाज हळू करायची सोय असेल तर हळू करा, पण पूर्ण बंद नको.

सळईच्या भिंतीजवळ काहीही केलं तरी यंत्र आंधळं होतं. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असंच यंत्र आणलं होतं, आणि पलंगाच्या गादीतल्या पोलादी तारांनी घोटाळा केला. काँक्रीटच्या भिंतीपासून निदान कॉइलच्या व्यासाएवढं अंतर ठेवा आणि कॉइल भिंतीला समांतर फिरवा, तिच्याकडे ढकलत नेऊ नका.

निघण्यापूर्वी घरी एक चाचणी करून बघा. फळीवर एक नाणं ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना 5 सेंमीवर एकेक खिळा. कॉइल चारही दिशांनी फिरवा. एका दिशेनं नाणं स्वच्छ वाजेल, दुसऱ्या दिशेनं पार गडप होईल. एकाच दिशेनं जागा फिरून ‘इथे काही नाही’ म्हणणाऱ्यांना काय हुकतं ते या फळीवर कळतं.

दोरी आणि चौकट

सुतळी, आठ-दहा लाकडी खुंट्या, 30 मीटरचा टेप, होकायंत्र आणि आलेखाची वही एवढं सामान पुरतं. फोनचा जीपीएस तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. छोट्या घराच्या बाबतीत ही चूक म्हणजे खोलीच बदलली. म्हणून मोजमाप टेपनं.

इमारतीचे दोन पक्के कोपरे निवडा, त्यांना अ आणि ब नाव द्या, त्यांच्यातलं अंतर आणि दिशा लिहा. पुढे प्रत्येक वस्तूसाठी अ पासूनचं अंतर आणि ब पासूनचं अंतर मोजायचं. ‘वस्तू 14, अ 6.40, ब 9.15, खोली 11 सेंमी’ एवढी नोंद असली की घरी कंपासनं दोन वर्तुळखंड काढून ती जागा कागदावर बोटभर अचूक बसते. वस्तू अ-ब रेषेच्या कोणत्या बाजूला आहे ते लिहायला विसरू नका. दोन्ही बाजूंना तेच आकडे येतात आणि ही चूक घरी गेल्यावरच ध्यानात येते.

भिंतींच्या बाहेर सगळ्या बाजूंनी पाच मीटरपर्यंत 2 मीटरच्या चौकटी आखा. प्रत्येक चौकटीत आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम फिरा. कॉइल जमिनीला समांतर, 2-3 सेंमी वर. झोका संपताना हात वर जातो आणि कॉइल उचलली जाते, ती सवय मोडा. प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर अर्धा चढवा. गवत आधी विळ्यानं कापा. दहा सेंटिमीटर गवत म्हणजे दहा सेंटिमीटर खोली गमावली.

पहिल्या फेरीत काहीच खणू नका. फक्त लोखंडाचे सिग्नल मोजा आणि चौकटीत आकडा लिहा: 3, 0, 17, 22. बाकीच्या सिग्नलना रंगीत खडा किंवा छोटी काडी. दोन-तीन तासांत आकड्यांचा जो नकाशा तयार होतो, तो पुढच्या सगळ्या खणण्यापेक्षा जास्त सांगतो. समजा दगडी भिंतीपासून 3 मीटर बाहेर, भिंतीला समांतर एका ओळीत आकडे एकदम 15-20 वर गेले आणि त्यापलीकडे लगेच शून्यावर आले. भिंतीपासून त्या ओळीपर्यंत मध्ये 2-3. याचा अर्थ तिथवर लाकडी खांबांवर उतरतं छप्पर होतं. छप्पर कुजलं, खांब गेले, कडेचे खिळे जागच्या जागी खाली पडले. डोळ्यांना तिथे सपाट गवताशिवाय काही दिसत नाही. अशी गेलेली पडवी फक्त खिळ्यांतून दिसते, आणि लोखंड गाळणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही.

आवाज ओळखणं

यंत्राच्या पडद्यावर धातूचा अंदाज सांगणारा आकडा येतो, तो बघण्याआधी ऐका, हेडफोन लावाच. सरळ खिळा डबल-डी कॉइलखाली एका दिशेनं ठसठशीत गुरगुरतो, 90 अंशांत वळून गेलात की आवाज तुटतो किंवा दोनदा टक-टक होतो. वाकलेला खिळा आणि कडी फसवतात. उंच टोनचा एक तुकडा येतो, पण तो दुसऱ्या दिशेनं टिकत नाही, आणि पिनपॉइंट केल्यावर, म्हणजे नेमकी जागा हेरल्यावर, आवाजाची जागा सरकलेली असते. गोल, अलोह (लोखंडाची नसलेली) वस्तू दोन्ही दिशांनी एकाच जागी, एकाच टोनमध्ये वाजते.

पत्र्याचा तुकडा सर्वांत जास्त फसवतो. सपाट मोठं लोखंड तांब्याइतकाच उंच आकडा दाखवू शकतं. कॉइल 15-20 सेंमी वर उचला. आवाज तसाच रुंद आणि दमदार राहिला तर तो पत्रा, लहान वस्तूचा आवाज तोवर विरलेला असतो. कॉइल कडेकडेनं सरकवून आवाजाची हद्दही काढता येते. खूप गंजलेल्या लोखंडाभोवतीच्या मातीत गंज उतरलेला असतो, म्हणून ते खऱ्यापेक्षा मोठं वाजतं, आणि खणून हललं की तोच सिग्नल अर्ध्यावर येतो.

मधल्या आकड्यांवर विशेष लक्ष द्या. शिसं, बटणं, काडतुसाच्या नळ्या आणि पेयांच्या डब्याच्या ओढायच्या कड्या साऱ्या याच पट्ट्यात येतात. कड्या खूप निघायला लागल्या म्हणजे तो थर 1960 नंतरच्या सहलींचा. त्यांच्याखाली काय आहे ते वेगळं.

खणणं

पिनपॉइंट आडवं-उभं करून फुलीनं करा. गवताच्या जमिनीत 15 सेंमी रुंदीचा घोड्याच्या नालाच्या आकाराचा काप घ्या, तीन बाजू कापलेल्या, चौथी जोडलेली, 10 सेंमी खोल. वस्तूच्या नेमक्या डोक्यावर हत्यार घालू नका. 7-8 सेंमी बाजूनं शिरा. कापलेलं गवताचं झाकण उलटवलं की आधी पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) झाकणाच्या खालच्या बाजूला फिरवा, बरेचदा वस्तू तिथेच अडकलेली असते. सुटी माती कापडावर, गवतावर नाही. वस्तू दिसली की हातानं माती बाजूला करा, उपटू नका. खिळा आडवा पडलाय की उभा हे बघून घ्या. उभा, टोक खाली असलेला खिळा अजून लाकडाच्या जागी असू शकतो, आणि त्याच्याभोवती काळपट मऊ माती असेल तर ती त्या कुजलेल्या लाकडाचीच.

वस्तू निघाल्यावर खड्डा पुन्हा तपासा. माती परत, झाकण बंद, पायानं दाब, बाटलीतलं थोडं पाणी. कडक कोरड्या दिवसांत गवताचं झाकण जगत नाही, तेव्हा गवताची जमीन खणायचा मोह टाळा आणि पावसानंतर या. ओल्या जमिनीत यंत्रही जरा बरं ऐकतं.

प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, आत कागदाच्या चिठ्ठीवर क्रमांक पेन्सिलनं. शाई ओलीनं फुटते. सगळे खिळे उपसायची गरज नाही. प्रत्येक दाट चौकटीतले पाच-सहा घ्या, बाकी मोजून तसेच राहू द्या.

खिळा वाचायचा कसा

खिळ्यांची तीन घराणी आहेत आणि गंजलेल्या तुकड्यातही ती ओळखता येतात.

लोहारानं घडवलेला खिळा चौकोनी असतो आणि चारही बाजूंनी टोकाकडे निमुळता होत जातो. डोक्यावर हातोडीचे तीन-चार-पाच चपटे घाव दिसतात, डोकं वाकडं आणि प्रत्येकाचं वेगळं. यंत्रानं पत्र्यातून कापलेला खिळा 1790 च्या दशकापासून आला. त्याच्या दोन बाजू समांतर आणि फक्त दोन निमुळत्या असतात, टोक बोथट चौकोनी. बोटांत धरून गोल फिरवला की एका बाजूनं पाचरीसारखा आणि दुसऱ्या बाजूनं सरळ दिसतो, ही त्याची सोपी खूण. तिसरा तारेचा खिळा, आजचाच. अंग गोल, सर्वत्र सारखं जाड, डोक्याच्या लगेच खाली पकडीच्या बारीक आडव्या रेषा, टोकाला चार पैलू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो सगळीकडे पसरला.

एका खिळ्यावरून काही ठरवू नका. लोहाराचे खिळे खेड्यापाड्यांत फार उशिरापर्यंत वापरात होते, आणि एक पावसाळी दुरुस्ती जुन्या छपरात तारेचे शंभर खिळे घालून जाते. तीस-चाळीस खिळ्यांचा हिशेब मांडा आणि तो जागेनुसार मांडा. घडवलेले खिळे चारही बाजूंना आणि तारेचे फक्त एका कोपऱ्यात, तर इमारत जुनी आणि तो कोपरा डागडुजीचा. सगळीकडे तारेचेच, तर दगड कितीही काळवंडलेले असोत, वर शेवटचं छप्पर होतं ते अलीकडचं. एकही खिळा नाही, हेही उत्तरच आहे: मग छप्पर कमानीचं, दगडी पट्ट्यांचं किंवा दोरीनं बांधलेलं होतं, नाहीतर छप्पर नव्हतंच, नाहीतर कुणीतरी सगळं लाकूड खिळ्यांसकट उचलून नेलं.

लांबीही मोजा. 3-4 सेंमीचे रुंद डोक्याचे खिळे पत्र्याचे किंवा फळ्यांचे, 10 सेंमीच्या पुढचे तुळया-वाशांचे. वाकलेल्या टोकाचा खिळा दाराच्या फळ्यांतून आरपार काढून मागे वळवलेला असतो. असे चार-पाच खिळे, एक बिजागरी आणि कोयंडा एका मीटरच्या आत निघाले तर तुम्ही दारापाशी उभे आहात, मग तिथे भिंतीत फट दिसो वा न दिसो.

बाकीच्या वस्तूंवरून इमारतीचा धंदा

बटणं, सुया, बकला, चमचे, भांड्यांचे कान मिसळून निघाले तर माणसं तिथे राहत होती. नाल, नालाचे आखूड खिळे आणि साखळीच्या कड्या जनावरांची जागा सांगतात. शिशाच्या मोहरा, वजनं आणि पिंपांच्या पट्ट्या म्हणजे माल साठवायची किंवा मोजायची जागा. बोल्ट, तांब्याची तार, पितळी कॉकचे तुकडे म्हणजे यंत्राची खोली.

शिशाच्या गोळ्या पांढरट मुलाम्यानं ओळखू येतात. गोल गोळी जुन्या बंदुकीची. लांबट, बुडाला पोकळ गोळी 1849 नंतरच्या पद्धतीची. काडतुसाच्या नळीच्या बुडावर अक्षरं असतात, ती लाकडी काडीनं हळूच मोकळी करून भिंगाखाली वाचा. अनेकदा बनवणाऱ्याची खूण आणि वर्षच हाती येतं. साऱ्या जागेत याहून पक्की तारीख क्वचित मिळते.

लोहारकामाची शंका आली तर डिटेक्टर बाजूला ठेवा. एक दमदार चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि कोरड्या मातीच्या ओंजळीवरून फिरवा. पिशवी उलटी करून चुंबक काढून घेतला की जे पडतं ते पांढऱ्या कागदावर बघा. एक ते तीन मिलिमीटरच्या चपट्या, चकचकीत काळ्या कपच्या आणि मोहरीहून बारीक गोळ्या दिसल्या तर ती तापलेल्या लोखंडावरून घणाच्या घावानं उडालेली पोपडी आहे. ती वाहून किंवा झाडून फार लांब जात नाही, त्यामुळे सर्वांत दाट जिथे सापडेल तिथेच ऐरण होती. नुसती काळी, गोल, गुळगुळीत वाळू मात्र नदीकाठची नैसर्गिकही असते. चपट्या कपच्या नसतील तर लोहारशाळा म्हणू नका.

दगडात किंवा काँक्रीटमध्ये बसवलेली पितळी चकती किंवा मेख मिळाली तर ती जमीन मोजणीची खूण असू शकते. ती उपटणं बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे, आणि तुमचं ‘अनोळखी बांधकाम’ नुसता मोजणीचा बुरूज होता हे उत्तर कदाचित तिनंच देऊन टाकलेलं असतं.

घरी आल्यावर

घासू नका. नाणं बोटांनी चोळलं तरी मातीतले कण त्यावर ओरखडे पाडतात. तारेचा ब्रश, व्हिनेगर, लिंबू यांनी तर अक्षरंच जातात. माती मऊ ब्रशनं, सावलीत वाळल्यावर. लोखंड आणि तांब्या-पितळेच्या वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. तांब्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी पुळी आली तर ती वस्तू लगेच वेगळी आणि कोरडी करा. तो रोग ओलीवर वाढतो. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

नकाशा 1 सेंमीला 1 मीटर या प्रमाणात काढा. भिंती काळ्या, खिळ्यांचे तीन प्रकार तीन रंगांत, बाकी वस्तू क्रमांकांनी. एक प्रत जमीनमालकाला, एक त्या भागातल्या संग्रहालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला द्या.

अभ्यास झालेले बिनकामाचे खिळे आणि पत्र्याचे तुकडे जागेवर परत नेऊन भिंतीबाहेरच्या एकाच खड्ड्यात पुरा, पण ते विखरून टाकू नका, नाहीतर पुढच्याचा नकाशा खोटा होईल. खड्ड्याच्या तळाशी चालू वर्षाचं एक नाणं ठेवा, म्हणजे हे कधी पुरलं ते पुढच्याला कळेल, आणि त्या खड्ड्याची जागा तुमच्या नकाशावर लिहा: अ पासून किती, ब पासून किती.